श्रेयांकांची हुंडी

जून महिना, चिंचवडमधील एका महाविद्यालयाचे कार्यालय. प्रवेशाची गर्दी आहे. खिडकीच्या अलीकडे पन्नाशीच्या आसपासचे एक व्यापारी गृहस्थ आणि त्यांची एकोणीस वर्षांची मुलगी उभी आहे. सांगली जिल्ह्यातील पिढीजात दुकान धाकट्या भावाकडे सोपवून गृहस्थांनी चाकणच्या कारखान्यांना नटबोल्ट, बेअरिंग आणि हत्यारे पुरविण्याचा व्यवसाय सुरू केला आहे, आणि बिऱ्हाड चिंचवडला आणले आहे. मुलीने गावाकडच्या महाविद्यालयात बी. एस्सी.चे पहिले वर्ष उत्तम गुणांनी पूर्ण केले आहे. दुसऱ्या वर्षाला येथे प्रवेश मिळावा, एवढीच अपेक्षा आहे.

लिपिक कागद पुन्हा एकदा चाळतात आणि सांगतात, "साहेब, ताईंचे ४४ श्रेयांक आहेत. त्यांतले ३० इथे बसतात. बाकीचे १४ आमच्या अभ्यासक्रमात बसत नाहीत."

"पण ती पास झाली आहे ना? गुणपत्रिका समोर आहे."

"पास झाल्या आहेत, त्याबद्दल वाद नाही. पण ते त्या विद्यापीठाचे पास. इथला निर्णय इथल्या समितीचा."

मुलगी काही बोलत नाही. बाहेर आल्यावर फक्त विचारते, "पप्पा, म्हणजे माझे वर्ष गेले का?"

ही मुलगी कोणा एका घरची नाही. ज्या ज्या कुटुंबाने व्यवसायासाठी गाव सोडून पिंपरी-चिंचवड, भोसरी किंवा चाकण गाठले, त्या अनेक घरांत ती आहे. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, पुढे साठच्या दशकात औद्योगिक वसाहत आली, नव्वदीनंतर चाकणकडे वाहन उद्योग सरकला. प्रत्येक टप्प्यावर कारखान्यांमागोमाग व्यापारी आले आणि व्यापाऱ्यांमागोमाग त्यांची मुले. दुकान हलविताना माल मोजून घेता येतो, उधारी वसूल करता येते, परवाना नव्या पत्त्यावर करून घेता येतो. मुलाचे अर्धे झालेले शिक्षण मात्र असे सहज हलत नाही, हे पुष्कळदा खिडकीसमोर उभे राहिल्यावरच कळते.

श्रेयांक म्हणजे काय?

श्रेयांक म्हणजे रोजच्या बोलण्यातले क्रेडिट. ते गुण नव्हे. गुण सांगतात विद्यार्थ्याने किती चांगले केले. श्रेयांक सांगतो त्याने किती काम केले. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या आराखड्यानुसार वर्गातील पंधरा तासांच्या अध्यापनाला एक श्रेयांक, आणि प्रयोगशाळेतील तीस तासांच्या कामालाही एकच श्रेयांक. महाराष्ट्रात नवे शैक्षणिक धोरण २०२३-२४ मध्ये प्रथम विद्यापीठांचे विभाग आणि स्वायत्त महाविद्यालये यांत आणि २०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालयांत लागू झाले. त्यानुसार एका सत्राला २२ श्रेयांक, म्हणजे वर्षाला ४४, तीन वर्षांच्या पदवीला १३२ आणि चार वर्षांच्या ऑनर्स पदवीला १७६.

आता त्या मुलीचे १४ श्रेयांक म्हणजे नेमके किती श्रम, हे मांडून पाहावे. त्यांतले ८ सिद्धान्ताचे आणि ६ प्रात्यक्षिकाचे आहेत असे धरू. सिद्धान्ताचे ८ गुणिले १५, म्हणजे १२० तास. प्रात्यक्षिकाचे ६ गुणिले ३०, म्हणजे १८० तास. एकूण ३०० तास. वहीत १४ हा आकडा लहान दिसतो. तासांत तो एका तरुण मुलीच्या आयुष्यातील तीनशे तास असतो. व्यापाऱ्याला हा हिशेब लगेच कळतो, कारण नग आणि रक्कम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे त्याला शिकवावे लागत नाही.

बेरीज जुळते, खाती जुळत नाहीत

बहुतेक पालकांचा समज असा असतो की ४४ श्रेयांक येथेही ४४ आणि तेथेही ४४, मग अडचण कशाची? अडचण बेरजेत नाही, खतावणीत आहे. नव्या रचनेत हे ४४ श्रेयांक अनेक खात्यांत विभागलेले असतात. मुख्य विषय, दुय्यम विषय, अन्य विद्याशाखेतील खुला वैकल्पिक विषय, व्यावसायिक कौशल्य, भाषा, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञानप्रणाली, सहशालेय उपक्रम, अशी ही खाती. एका विद्यापीठाने पहिल्या सत्रात जे मुख्य विषयाच्या खात्यात घातले, ते दुसऱ्याने दुसऱ्या सत्रात ठेवलेले असू शकते. एकाकडे रसायनशास्त्राचे चार श्रेयांक दोन सिद्धान्ताचे आणि दोन प्रात्यक्षिकाचे असतात. दुसऱ्याकडे तेच चार, पण तीन आणि एक. दोन्ही ताळेबंदांची बेरीज जुळते, पण एका बाजूला जमा दाखविलेली रक्कम दुसऱ्या बाजूच्या त्याच खात्यात सापडत नाही. हिशेबनीस जसा अशा वेळी सही करण्यास नकार देतो, तसाच येथे समकक्षता समितीही नकार देते.

विज्ञान शाखेत ही अडचण अधिक तीव्र होते, आणि त्याची कारणे मनमानीची नाहीत. पहिले कारण प्रयोगशाळा. वाणिज्य शाखेतील एखादा विषय राहिला, तर विद्यार्थी पुस्तक वाचून परीक्षा देऊ शकतो. द्रावणाचे अनुमापन, सूक्ष्मदर्शकाखालील पेशी, विद्युत मंडलाची जोडणी या गोष्टी हाताने केल्यावाचून येत नाहीत, आणि हाताने केल्याचा पुरावा गुणपत्रिकेत नसतो. तो प्रयोगवहीत असतो. दुसरे कारण पायरीचे. विज्ञानात एक विषय दुसऱ्याच्या खांद्यावर उभा असतो. कलनशास्त्र झालेले नसेल तर दुसऱ्या वर्षाचे भौतिकशास्त्र डळमळते. भौतिक रसायनशास्त्राचा पाया नसेल तर पुढचे वर्ष केवळ पाठांतर ठरते. स्वीकारणाऱ्या महाविद्यालयाला भीती अशी असते की विद्यार्थी आत घेतला आणि पुढे तो मागे पडला, तर दोष कोणाचा? तिसरे कारण काळाचे. विज्ञानाचे अभ्यासक्रम बदलत राहतात, त्यामुळे काही वर्षांपूर्वीचे श्रेयांक आजच्या आराखड्यात बसवणे कठीण होते.

यात आणखी एक गाठ आहे. १९४९ मध्ये स्थापन झालेले पुणे विद्यापीठ, आजचे सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ, पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक या जिल्ह्यांसाठी आहे. सांगली, सातारा, कोल्हापूर हे जिल्हे १९६२ मध्ये स्थापन झालेल्या शिवाजी विद्यापीठाकडे. सोलापूरला २००४ पासून स्वतंत्र विद्यापीठ. प्रत्येकाची अभ्यासमंडळे वेगळी. त्याशिवाय १८८५ मध्ये स्थापन झालेल्या फर्ग्युसनसारखी स्वायत्त महाविद्यालये स्वतःचा अभ्यासक्रम स्वतः ठरवितात; पदवी विद्यापीठाची असली, तरी पाठ्यक्रम महाविद्यालयाचा. खासगी विद्यापीठांची तर गोष्टच निराळी. म्हणून केवळ जिल्हा बदलल्यानेच नव्हे, एकाच शहरात एका महाविद्यालयातून दुसऱ्यात जातानाही हाच प्रश्न उभा राहू शकतो.

नावात बँक आहे, पण

जुलै २०२१ मध्ये आयोगाने अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्सचे विनियम अधिसूचित केले. विद्यार्थ्याचे बारा अंकी खाते, आता ज्याला अपार क्रमांक म्हणतात, त्यात प्रत्येक संस्थेने दिलेले श्रेयांक जमा होतात आणि डिजिलॉकरमधून ते पाहता येतात. व्यवस्था मोलाची आहे. गुणपत्रिका हरविली, महाविद्यालय बंद पडले, कागदावर खाडाखोड झाली, या जुन्या चिंता तिने पुष्कळ कमी केल्या. पण "बँक" हा शब्द ऐकून पालकांचा गैरसमज होतो. बँकेतील ठेव कोणत्याही शाखेत मागता येते आणि तिचे चलन सर्वत्र चालते. श्रेयांकांचे तसे नाही. ही बँक श्रेयांक सांभाळते, त्यांची सत्यता सांगते. ते कोणी स्वीकारावेत, असा आदेश ती देत नाही. डीमॅट खात्यात समभाग सुरक्षित असतात, पण ते कोण कोणत्या भावाने घेईल याची हमी डिपॉझिटरी देत नाही, तसेच हे आहे.

या खात्याचे चार नियम प्रत्येक घरात माहीत असावेत. पहिला, विद्यार्थी स्वतः जाऊन श्रेयांक जमा करू शकत नाही. ते संस्थेनेच चढवावे लागतात. म्हणून संस्था सोडण्यापूर्वी सर्व सत्रांचे श्रेयांक चढले आहेत की नाहीत, हे पाहणे विद्यार्थ्याचे काम. दुसरा, जमा श्रेयांकांची मुदत जास्तीत जास्त सात वर्षे. तिसरा, ज्या संस्थेची पदवी हवी, तिच्याकडून किमान निम्मे श्रेयांक मिळविलेले असले पाहिजेत. चौथा, एकदा एखाद्या पदवीसाठी वापरलेले श्रेयांक दुसऱ्या पदवीसाठी पुन्हा वापरता येत नाहीत. पहिला नियम सर्वांत जास्त वेळा नडतो. आधारवरील नाव आणि महाविद्यालयाच्या नोंदीतील नाव यांत एका अक्षराचा फरक असेल, वडिलांचे नाव एकीकडे मध्ये आणि एकीकडे शेवटी असेल, तर नोंद अडकते. बारावीनंतर प्रवेश घेतानाच हे नाव तपासून घेतले, तर पुढची धावपळ वाचते.

आजोबांनी ओळखलेली गोष्ट

चिंचवडच्या त्या घरी त्या संध्याकाळी सूर्यास्तापूर्वीचे जेवण नीट झाले नाही. वडिलांच्या मनात राग होता आणि रागाच्या भरात ते बोलून गेले की, वर्ष पुन्हा करण्यापेक्षा सरळ वाणिज्य शाखा घ्यावी, नाहीतरी पुढे व्यवसायच आहे. मुलीचे डोळे भरून आले. तिला चाकणच्या एखाद्या कारखान्याच्या रंग किंवा लेपनाच्या प्रयोगशाळेत काम करायचे होते. वडिलांच्या दुकानातून माल जातो त्याच कारखान्यात.

घरातील अण्णा, म्हणजे मुलीचे आजोबा, तोवर गप्प होते. त्यांनी उमेदीच्या काळात पेढीवर हुंड्यांची कामे पाहिली होती. ते इतकेच म्हणाले, "हुंडी लिहिणाऱ्याने लिहिली म्हणून वटत नसते. समोरच्या पेढीने ती सकारावी लागते. आणि समोरचा सकारत नसेल, तर तो चोर असतो असे नाही. त्याच्या वहीत आपले खाते नसते, एवढेच. खाते दाखवा, मग बघू."

अण्णांचे म्हणणे या प्रश्नाच्या मुळाशी जाते. दर्शनी हुंडी पाहताच द्यायची, मुदती हुंडी ठरल्या दिवशी. पण दोन्हींचे चलन दोन पेढ्यांच्या परस्पर विश्वासावर. हुंडी गहाळ झाली तर पेठ, तीही गहाळ झाली तर परपेठ, अशी सोय आपल्या पूर्वजांनी करून ठेवली होती, कारण व्यवहार कागदावर नव्हे, कागदाच्या मागे असलेल्या माहितीवर चालतो हे त्यांना ठाऊक होते. गुणपत्रिकेचेही तसेच आहे. त्यावर विषयाचे नाव, श्रेयांक आणि श्रेणी एवढेच असते. त्या नावाखाली नेमके काय शिकविले, किती तास, कोणते प्रयोग, हे समोरच्या समितीला दिसत नाही. आणि जे दिसत नाही ते ती सकारत नाही.

म्हणून दुसऱ्या दिवशी त्या घराने भांडण्याऐवजी माहिती गोळा केली. मुलीने जुन्या महाविद्यालयातून विद्यापीठाने मंजूर केलेल्या अभ्यासक्रमाची प्राचार्यांच्या सही-शिक्क्याची प्रत मागविली. प्रयोगवह्या, ज्यांवर प्राध्यापकांच्या सह्या होत्या, त्या गावाहून आल्या. मग तिने एका कागदावर दोन रकाने केले, डावीकडे जुना अभ्यासक्रम, उजवीकडे नवा, घटकागणिक, तासागणिक. हा तक्ता आणि एक विनम्र अर्ज प्राचार्यांकडे गेला. "माझे श्रेयांक का नाकारले?" असा त्यात प्रश्न नव्हता. "पुढील घटक अमुक टक्के समान आहेत, तरी पुनर्विचार व्हावा, आणि जे श्रेयांक स्वीकारता येत नाहीत त्यांची विषयवार कारणे लेखी मिळावीत," अशी विनंती होती.

समितीने पुन्हा पाहिले. सिद्धान्ताचे ८ श्रेयांक स्वीकारले गेले, कारण आता समान घटक डोळ्यांसमोर होते. प्रात्यक्षिकाचे ६ राहिले. नव्या अभ्यासक्रमातील काही प्रयोग जुन्या महाविद्यालयात खरोखरच झालेले नव्हते. वर्ष वाया गेले नाही. दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळाला आणि राहिलेले १८० तास पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांबरोबर प्रयोगशाळेत पूर्ण करण्याची परवानगी मिळाली. दोन सत्रांत, आठवड्याला सहा तास. कष्टाचे आहे, पण हिशेबात बसणारे आहे. शिवाय जे खरोखर शिकलेले नव्हते तेच शिकावे लागते आहे, हे मुलीला मान्य आहे. सगळ्याच महाविद्यालयांच्या नियमांत अशी सोय असते असे नाही. ती असते की नाही हे विचारल्याशिवाय कळत नाही, आणि बहुतेक पालक पहिल्या नकारावरच परत फिरतात.

निघण्यापूर्वी आणि पोहोचल्यावर

या उदाहरणातून जो क्रम दिसतो, तो कोणत्याही घराला उपयोगी पडेल. बदलीचा विचार मनात येताच प्रथम नव्या महाविद्यालयाला विचारावे, जुने सोडू नये. दुकानाचा करार संपविण्यापूर्वी नवी जागा पाहतो, तोच न्याय. शक्य असेल तर बदल वर्षाच्या शेवटी करावा. सत्राच्या मध्यावर केलेला बदल मुदतीपूर्वी मोडलेल्या ठेवीसारखा असतो, तोटा हमखास. कोणत्याही विषयात अनुत्तीर्णता राहिली असेल, तर ती आधी जुन्याच ठिकाणी निकाली काढावी. निघताना महाविद्यालय सोडल्याचा दाखला, विद्यापीठाचे स्थलांतर प्रमाणपत्र, सर्व सत्रांच्या गुणपत्रिका, मंजूर अभ्यासक्रमाची प्रमाणित प्रत आणि सही झालेल्या प्रयोगवह्या सोबत घ्याव्यात. प्रयोगवही रद्दीत घालणारे घर पुढे पस्तावते. पोहोचल्यावर पात्रता अर्ज वेळेत भरावा, कारण पात्रता प्रमाणपत्राशिवाय पुढे परीक्षेचा निकाल रोखला जाऊ शकतो. आणि जो काही निर्णय होईल, तो तोंडी न घेता कागदावर घ्यावा.

राहिलेले सिद्धान्ताचे श्रेयांक भरून काढण्यासाठी आणखी एक दार आहे. केंद्र सरकारच्या स्वयं या मंचावर, जो जुलै २०१७ मध्ये सुरू झाला, उत्तम प्राध्यापकांचे अभ्यासक्रम विनामूल्य आहेत, आणि एका सत्रातील चाळीस टक्क्यांपर्यंतचे विषय अशा मार्गाने घेण्यास आयोगाची परवानगी आहे. मात्र प्रवेश घेण्यापूर्वी आपल्या महाविद्यालयाची लेखी संमती हवी, आणि प्रयोगशाळेची उणीव स्वयं भरून काढू शकत नाही.

शैक्षणिक कर्ज काढले असेल, तर एक दक्षता अधिक. असे कर्ज मंजूर होते ते विशिष्ट संस्था आणि विशिष्ट अभ्यासक्रम पाहून. शुल्काचा हप्ताही बहुधा थेट संस्थेकडे जातो. संस्था बदलण्याचे ठरताच बँकेला आधी कळवावे आणि मंजुरीत बदल करून घ्यावा. काही पालक शुल्क भरून झाल्यावर शाखेत येतात, आणि मग बँक व पालक दोघांचीही अडचण होते. अभ्यासक्रम ठरल्या मुदतीत पूर्ण झाला नाही, तर बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत जास्तीत जास्त दोन वर्षांची मुदतवाढ मिळण्याची तरतूद आहे. पण कारण योग्य असावे लागते आणि अर्ज वेळेवर करावा लागतो. परतफेड सुरू झाल्यावर व्याजावर मिळणारी आयकर वजावट जुन्या करप्रणालीतच मिळते, हेही हिशेबात धरावे.

गल्ल्यावर बसलेला मुलगा

व्यापारी घरांत या प्रश्नाची आणखी एक बाजू आहे, आणि ती अधिक नाजूक आहे. वडील आजारी पडतात, भागीदार वेगळा होतो, आणि दुसऱ्या वर्षाला असलेला मुलगा कॉलेज सोडून गल्ल्यावर बसतो. घराला त्या वेळी त्याची गरज असते आणि तो कर्तव्य म्हणून बसतो. तीन-चार वर्षांनी दुकान स्थिरावते, लग्नाच्या गोष्टी निघतात, आणि बायोडाटामध्ये शिक्षणाच्या रकान्यात काय लिहावे, हा प्रश्न उभा राहतो. मुलगा हसून विषय टाळतो. घरातल्यांना वाटते त्याला त्याचे काही नाही. पुष्कळदा त्याला त्याचे फार असते.

अशा मुलांसाठी नव्या रचनेत एक सोय आहे, जी आपल्या घरांत फारशी वापरली जात नाही. एका वर्षानंतर थांबल्यास प्रमाणपत्र आणि दोन वर्षांनंतर थांबल्यास पदविका मिळू शकते. त्यासाठी थांबण्यापूर्वी चार श्रेयांकांचा कौशल्याधारित अभ्यासक्रम किंवा उन्हाळी प्रशिक्षण पूर्ण करावे लागते. आयोगाच्या आराखड्यानुसार तीन वर्षांच्या आत परत येऊन, एकूण सात वर्षांत पदवी पूर्ण करता येते. म्हणजे कॉलेज सोडणे अटळ असले, तरी तसेच सोडू नये. ते चार श्रेयांक पूर्ण करून, प्रमाणपत्र हातात घेऊन थांबावे. सुट्या श्रेयांकांपेक्षा पूर्ण झालेले प्रमाणपत्र दुसऱ्या पेढीवर सहज सकारले जाते.

हे केवळ अनुमान नाही. आपल्याच भागात त्याचा रोजचा पुरावा आहे. दहावीनंतर तीन वर्षांची अभियांत्रिकी पदविका पूर्ण केलेला विद्यार्थी पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला जातो. त्याच्या प्रत्येक विषयाची घटकवार तुलना कोणी करीत बसत नाही, कारण पदविका ही एक संपूर्ण पात्रता म्हणून मान्य आहे. बारावीला गणित असलेल्या बी. एस्सी. पदवीधरालाही नियमांनुसार अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाचे दार उघडे असते. उलट, अभियांत्रिकीचे दीड वर्ष करून सोडलेल्या विद्यार्थ्याचे श्रेयांक प्रत्येक दारात वेगळे मोजले जातात. संपूर्ण आणि अपूर्ण यांतला हा फरक आहे. ज्यांनी २०२१ पूर्वी जुन्या पद्धतीत शिक्षण सोडले, त्यांच्या खात्यात मात्र काहीच जमा नसणार. त्यांनी जुन्या गुणपत्रिका घेऊन विद्यापीठाच्या पात्रता विभागाकडे जावे, किंवा १९८९ पासून नाशिक येथे कार्यरत असलेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाकडे चौकशी करावी. दुकान सांभाळून शिकणाऱ्यांसाठीच ते विद्यापीठ निर्माण झाले आहे.

परदेशातही हेच

हा प्रश्न आपल्याच व्यवस्थेचा दोष आहे, असे मानून निराश होण्याचे कारण नाही. अमेरिकेच्या संसदेसाठी काम करणाऱ्या लेखापरीक्षण कार्यालयाने २०१७ मध्ये दिलेल्या अहवालानुसार, २००४ ते २००९ या काळात महाविद्यालय बदलणाऱ्या विद्यार्थ्यांचे सरासरी ४३ टक्के श्रेयांक वाया गेले. मुलांना पहिली दोन वर्षे येथे आणि पुढची तेथे अशा योजनेने परदेशी पाठविणाऱ्या घरांनी हा आकडा लक्षात ठेवावा. जाहिरातीत "श्रेयांक हस्तांतर" हे शब्द असतात. किती श्रेयांक आणि कोणत्या विषयांचे, हे प्रवेशापूर्वी लेखी मागितले, तरच त्या शब्दांना अर्थ येतो.

युरोपाने या बाबतीत वेगळा विचार केला. तेथे एका वर्षाला ६० श्रेयांक ही समान मोजपट्टी आहे, आणि १९९७ च्या लिस्बन करारानुसार, पात्रता नाकारायची असेल तर महत्त्वाचा फरक आहे हे दाखविण्याची जबाबदारी नाकारणाऱ्यावर असते. हे तत्त्व आपल्याकडेही यावे, अशी अपेक्षा अवाजवी नाही. आज आपल्याकडे समानता सिद्ध करण्याचा भार विद्यार्थ्यावर पडतो. ज्या घरात तक्ता मांडणारा कोणी नाही, सही-शिक्क्यासाठी गावी जाऊन येणारा कोणी नाही, त्या घरातील मुलाचे १४ श्रेयांक निमूटपणे बुडतात. महाराष्ट्रातील विद्यापीठांनी किमान पहिल्या वर्षाच्या मूलभूत विज्ञान विषयांची परस्पर समकक्षता एकदाच ठरवून जाहीर केली, तर हजारो खिडक्यांसमोरची ही रांग लहान होईल. अभ्यासमंडळे आणि विद्या परिषदा यांच्या अधिकारातलेच हे काम आहे.

तोपर्यंत समाजाच्या पातळीवर एक छोटे काम करता येण्यासारखे आहे. आपल्या प्रत्येक संघात, मंडळात, वसतिगृहात निवृत्त प्राध्यापक, मुख्याध्यापक, हिशेबनीस असतात. दरवर्षी जून-जुलैत त्यांच्यापैकी दोघांनी आठवड्यातून एक संध्याकाळ बाहेरगावाहून आलेल्या मुलांचे कागद पाहण्यासाठी दिली, दोन रकान्यांचा तक्ता करून दिला, अर्जाचा मसुदा तपासला, तर शिष्यवृत्तीच्या धनादेशाइतकाच तो मोलाचा हातभार ठरेल. या कामाला पैसा लागत नाही. वेळ, वाचण्याची सवय आणि थोडा धीर लागतो.

चिंचवडची ती मुलगी आता मंगळवार आणि शुक्रवारी दुपारी पहिल्या वर्षाच्या मुलांबरोबर प्रयोगशाळेत उभी असते. त्यांच्यापेक्षा एक वर्षाने मोठी म्हणून सुरुवातीला तिला संकोच वाटे. आता तीच त्यांना ब्युरेट कसे धरावे ते दाखवते. घरी अण्णांनी तिच्या प्रयोगवह्यांना नवे पुठ्ठे घातले आहेत आणि त्या पेढीच्या जुन्या वह्यांशेजारी, कपाटाच्या वरच्या खणात ठेवल्या आहेत.